'येते' या शब्दाची अधिकृत व्याख्या

व्यक्तिमत्त्व विकार कक्षातल्या खाट क्रमांक सहाच्या रुग्णाने मेट्रनबाईंकडे अशी तोंडी तक्रार केली, की या कक्षातल्या सगळ्या सिस्टर खोटं बोलतात, एक सोडून.

तक्रारीचा पहिला भाग कुणी मनावर घेतला नाही. सगळ्या सिस्टर खोटं बोलतात, सगळे डॉक्टर आतून मिळालेले आहेत, लिफ्टवाला आपल्याकडे बघूनच खोकतो, असल्या तक्रारी त्या कक्षात रोज चहाच्या आधी यायच्या आणि चहाबरोबर विरघळून जायच्या. गंभीर होतं ते 'एक सोडून'. सगळ्याच खोटं बोलत असतील तर त्याला शिस्त म्हणता येतं. एकच खरं बोलत असेल तर प्रशासनापुढे पेच उभा राहतो.

ती एक म्हणजे थोरल्या सिस्टर. नोकरीनं थोरल्या, अंगानं आडव्या आणि जिभेनं सरळ. त्यांची सारी हयात वॉर्डातच गेली होती, आणि शेवटी शेवटी त्यांना या कक्षात टाकलं होतं, कारण इथं यायला दुसरं कुणी राजी नव्हतं. इतर कक्षांत माणूस आजार घेऊन येतो आणि बरा झाला की आजार तिथंच ठेवून जातो. इथं माणूस आणि आजार एकाच कापडातून बेतलेले. म्हणून नातेवाईक कुजबुजत म्हणत, "आजार कसला हो, स्वभावच तसा आहे." आणि डॉक्टर मोठ्यानं म्हणत, "स्वभाव नाही, आजारच आहे." थोरल्या सिस्टरांना दोघांचंही पटे, कारण आजाराच्या गोळ्या द्यायचं आणि स्वभावाच्या शिव्या खायचं, ही दोन्ही कामं त्यांचीच होती.

खाट क्रमांक सहा म्हणजे शिंपीण. तिशी ओलांडलेली बाई, हात असा की डोळे मिटून काजं करील. कात्री तिला मिळत नसे आणि सुई सिस्टरच्या नजरेसमोरच मिळे, तरी सगळ्या कक्षाच्या उशांना तिनं अभ्रे शिवून घातले होते. तिचं दुखणं एकच. माणूस दाराबाहेर गेला की तो कायमचा गेला, असं तिला वाटे. समोर असेपर्यंत तो देव, पाठ फिरली की दगड. मग त्याच्यासाठी शिवलेलं सगळं ती टराटरा उसवून टाकी, आणि कापड पुरलं नाही की राग स्वतःच्या अंगावर काढी. मोठ्या डॉक्टरांनी या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं आणि नाव दिल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं होतं.

आता आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बाई असेल तर 'येते'. जाणाऱ्यानं 'येते' म्हणायचं, राहणाऱ्यानं 'या' म्हणायचं, आणि दोघांनीही त्याचा अर्थ मनाला लावून घ्यायचा नाही, असा हा बोलाची कढी बोलाचाच भात असलेला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला आहे. त्यात कुणी फसल्याचं ऐकिवात नव्हतं. शिंपीण फसली.

दुपारपाळीच्या सिस्टरना सगळे 'गोड सिस्टर' म्हणत. पाळी संपली की त्या पर्स खांद्याला लावत आणि दारातून लाडानं हात हलवत, "येते हं, सोन्या!" त्यांचं 'येते' सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत पोकळ. शिंपीण दाराजवळच्या बाकावर जाऊन बसे. गोड सिस्टर तेव्हा घरी पोचून पाय सोडून बसलेल्या असत.

हे थोरल्या सिस्टरांच्या ध्यानात आलं तेही स्वतःला चटका बसल्यावर. एका संध्याकाळी त्यांनीही सवयीनं "येते गं" म्हटलं आणि घर गाठलं. सकाळी येऊन बघतात तर शिंपीण त्याच बाकावर, आणि पायाशी उसवलेल्या अभ्र्यांचा ढीग.

"अगं, इथं काय करतेयस?"

"तुम्ही 'येते' म्हणालात."

"अगं बाई, ते म्हणायचं असतं."

"का?"

"'जाते' म्हणू नये म्हणून."

"मग खरंच यायचं असलं की काय म्हणायचं?"

थोरल्या सिस्टरांनी खूप विचार केला आणि त्यांना कबूल करावं लागलं, "तेव्हाही 'येते'च म्हणतात."

"मग कळायचं कसं?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ठीक. त्या दिवसापासून मात्र थोरल्या सिस्टरांनी शिंपिणीपुरता नियम केला. निघताना म्हणायचं, "जाते. उद्या सकाळी येईन," आणि उद्या सकाळी यायचं. एवढंच. अंगात ताप असताना त्या आल्या. एकदा रजेच्या दिवशी नुसतं "आले" म्हणायला दारापर्यंत येऊन गेल्या आणि घरी नवऱ्याची बोलणी खाल्ली. हळूहळू शिंपिणीची शिवण टिकायला लागली. डॉक्टरांनी याचं श्रेय नव्या गोळीला दिलं. गोळीनं ते नाकारलं नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना मेट्रनबाई कार्यशाळेला जाऊन आल्या. कार्यशाळेत त्यांना एक पिशवी मिळाली, एक पेन मिळालं आणि एक शब्द मिळाला: फूट. पिशवी त्यांनी घरी ठेवली. शब्द कक्षात आणला.

"थोरल्या सिस्टर, तुमच्याबद्दल तक्रार आहे," त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं.

"माझ्याबद्दल? तक्रार तर बाकीच्या खोटं बोलतात अशी आहे ना?"

"त्या सगळ्या सारख्या आहेत, त्यांचा प्रश्न नाही. वेगळ्या तुम्ही पडता. या विकाराचे रुग्ण एका सिस्टरला चांगली म्हणतात, बाकीच्यांना वाईट. याला फूट पाडणं म्हणतात. आम्हाला गटागटानं बसवून शिकवलंय. सगळ्यांनी एकसारखं वागलं पाहिजे."

"अहो, मग बाकीच्यांना सांगा 'जाते' म्हणायला."

मेट्रनबाईंनी तसं सांगून बघितलं. गोड सिस्टर हबकल्याच. "हॉस्पिटलात 'जाते' म्हणायचं? मघाशी पलीकडच्या वॉर्डात मी सहज म्हणाले, 'आता जाते हं', तर खाटेवरच्या बाईचा नवरा धावत आला आणि विचारतो, 'कोण जाते? सिस्टर, कोण जाते?'"

हा मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांना खरं बोलायला लावणं अवघड, एकीला थांबवणं सोपं. पण थांबवायचं तर त्याला लेखी आधार हवा. म्हणून प्रकरण अधीक्षकांकडे गेलं.

अधीक्षकांनी शब्दनिश्चिती समिती नेमली. मेट्रनबाई अध्यक्ष, गोड सिस्टर सचिव, आणि बाहेरून भाषातज्ज्ञ आणायला वरून मंजुरी लागते म्हणून खाट क्रमांक दोनचे निवृत्त हेडमास्तर तज्ज्ञ सदस्य. हेडमास्तरांना कुठलीही गोष्ट वाकडी चालत नसे. सगळ्यांच्या चपला ते एका ओळीत लावत, दुसऱ्याच्या पत्रातले स्वल्पविराम दुरुस्त करत आणि डाळीत कढीपत्ता एकाच दिशेला नसला तर जेवत नसत. त्यांच्या केसपेपरवर याला विकार म्हटलं होतं. समितीच्या आदेशात 'चिकित्सक वृत्ती' म्हटलं.

"'येते' हा वर्तमानकाळ," हेडमास्तरांनी पहिल्याच बैठकीत फळ्यावर खडू आपटला. "बाई चाललीय दाराबाहेर आणि क्रियापद येतंय आत. कर्ता आणि क्रियापद यांची दारातच चुकामूक होते. खाट क्रमांक सहा क्रियापदाची वाट बघत बसते. दोष तिचा नाही, वाक्यरचनेचा आहे!"

समितीतल्या दोन शहाण्या सदस्यांनी माना डोलावल्या, आणि व्याख्या करायचं ठरलं. मसुदा अधीक्षकांपुढे गेला तेव्हा त्यांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याला कारण होतं. "राऊंडला येतो" असा त्यांचा निरोप कक्षात अगदी नियमानं येई. निरोप येई, अधीक्षक तेवढे राहत. नवीन पंख्यांबाबत "बघायला येतो", गळक्या न्हाणीघराबाबत "एकदा येऊन जातो", अशी त्यांची कितीतरी येणी गावभर थकलेली होती. मसुद्यात त्या सगळ्यांची सोय होती. त्यांनी फक्त 'येते'च्या पुढे 'किंवा येतो' एवढी भर घातली आणि सही केली.

व्याख्या अशी: 'येते किंवा येतो या शब्दाचा अर्थ बोलणारी व्यक्ती जात आहे असा समजावा. सदर शब्दामुळे परत येण्याचे कोणतेही बंधन निर्माण होत नाही.' ती कक्षाच्या दारावर रंगवायला पेंटर आला. पाटी लहान, वाक्य मोठं. पेंटर हा मोजकं बोलणारा माणूस. त्यानं लिहिलं: 'येथे येते म्हणजे येत नाही.'

वाक्य रुग्णांना लगेच समजलं. सरकारी पाटीच्या बाबतीत असं सहसा होत नाही, त्यामुळे पुढे काय होईल याचा कुणी अंदाज केला नव्हता. गोड सिस्टर पाणी आणायला म्हणून "येते हं" म्हणाल्या आणि खाट क्रमांक चारच्या बाईंनी टाहो फोडला, "सिस्टर पाणी देत नाहीत! दारावर लिहून देत नाहीत!" दुपारी चहावाल्यानं दारातून "चहा येतो!" अशी रोजची आरोळी ठोकली, तेव्हा आज चहा नाही म्हणून अख्खा कक्ष हळहळत भिंतीकडे तोंड करून झोपला. चहा आला, निवला आणि परत गेला.

समितीची तातडीची बैठक झाली. जी व्यक्ती खरोखरच परत येणार आहे तिनं काय म्हणावं? हेडमास्तरांनी सुचवलं, "प्रत्यक्ष येते." ठराव मंजूर झाला. त्याच संध्याकाळी पाळी संपल्यावर गोड सिस्टरनी पर्स खांद्याला लावली, दारातून हात हलवला आणि म्हणाल्या, "प्रत्यक्ष येते हं, सोन्या!" त्यांच्यात वाईट काही नव्हतं. तोंडाला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी समितीनं 'खरोखर प्रत्यक्ष येते' मंजूर केलं. ते गोड सिस्टरच्या तोंडी बसायला आणखी थोडा वेळ लागला, मग तेही बसलं. आठवडा संपायच्या आत कक्षात "अगदी मनापासून, खरोखर, प्रत्यक्ष येते" असं ऐकू यायला लागलं, आणि ते ऐकलं की रुग्ण समजून जात, की ही बाई आता थेट घरी चालली.

हे लोण मेट्रनबाईंच्या घरापर्यंतही गेलं. सकाळी त्या उंबऱ्यातून "येते" म्हणाल्या तर नवऱ्यानं वर्तमानपत्रातून मान वर केली आणि विचारलं, "कोणतं येते? भात लावून ठेवू की नको?"

थोरल्या सिस्टरांनी आज्ञा मोडली नाही. व्याख्येबरोबरच 'जाते' म्हणायला बंदी आली होती, 'येते' म्हणणं सक्तीचं झालं होतं. म्हणून त्या "येते" म्हणत, दाराबाहेर पाऊल टाकत, लगेच वळून आत येत आणि म्हणत, "आले." मग न बोलता शिंपिणीकडे बघून उद्याच्या उजाडण्याच्या दिशेनं, म्हणजे खिडकीकडे, बोट दाखवत आणि निघून जात. मेट्रनबाईंना यात काहीतरी चुकतंय असं वाटे, पण नियमात कुठं बोट ठेवावं ते कळेना. शिंपिणीची शिवण टिकून राहिली.

आणि अशात शिंपिणीच्या थोरल्या भावाचा फोन आला, की मी तिला घरी न्यायला तयार आहे. मागची खोली त्यानं रिकामी केली होती. माळ्यावरचं तिचं शिवणयंत्र खाली काढलं होतं.

"दादानं मशीनला तेल घातलंय, सिस्टर," शिंपीण दिवसातून पाच वेळा सांगायला लागली. "आधी ते किती कुरकुरायचं! आता नाही कुरकुरणार." तिनं नव्या खोलीच्या खिडकीला पडदे कसे शिवायचे तेही ठरवून टाकलं. थोरल्या सिस्टरांनी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती, आणि त्यांना धडकी भरली. हे निसटलं तर? भावाचं मन बदललं, खोलीत पुन्हा अडगळ भरली, मशीन परत माळ्यावर गेलं तर? ही पोर जन्मभर याच खाटेवर दुसऱ्यांच्या उशा सजवत बसेल.

मोठ्या डॉक्टरांची घरी पाठवायला हरकत नव्हती. अधीक्षकांची होती. "बरी झाली हे ठरवायचं कशावरून?" त्यांनी विचारलं. "उद्या घरी जाऊन उसवाउसवी केली तर जबाबदार कोण?"

"व्याख्येवरून ठरवू," मेट्रनबाई म्हणाल्या. "सिस्टरनी 'येते' म्हणून निघून जायचं आणि यायचं नाही. रुग्णानं वाट बघितली, तर उपचार चालू. नाही बघितली, तर बरी."

"उत्तम. गोड सिस्टरना पाठवा."

"त्यांचं 'येते' ती केव्हापासूनच धरत नाही, सर. परीक्षा व्हायची तर जिचं 'येते' आजवर खरं ठरलं आहे, तिनंच म्हणायला हवं."

सगळ्यांनी थोरल्या सिस्टरांकडे बघितलं. आजवर ज्यांच्या खरेपणावरून रुग्णालयात फूट पडत होती, त्यांच्या खरेपणाची आज रुग्णालयाला अचानक गरज पडली होती.

"साहेब, असं नका करू," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "एवढ्या महिन्यांत तिला माझ्या एका शब्दाचा भरवसा वाटायला लागलाय. मी आले नाही तर तिचं सगळं परत उसवेल."

"उसवलं तर ती आजारी आहे हे सिद्ध होईल."

"आणि नाही उसवलं तर?"

"तर बरी झाली."

"म्हणजे मी तिला फसवायचं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला तर आजारी, नाही ठेवला तर बरी?"

"बघा!" अधीक्षक खूश होऊन मेट्रनबाईंना म्हणाले. "तुम्ही उगाच म्हणत होता, यांना व्याख्या समजत नाही म्हणून."

थोरल्या सिस्टर नाही म्हणू शकल्या असत्या. मग कागद पुढच्या बैठकीवर गेले असते, पुढची बैठक तिच्या पुढच्या बैठकीवर, आणि तेल घातलेल्या मशीनवर धूळ बसली असती. आधी शिंपिणीच्या कानात सांगून ठेवावं, तर तीही लबाडीच. आणि शिंपिणीच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. इकडे आड तिकडे विहीर. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि नवऱ्यानं कारण विचारलं तर त्याच्यावरच खेकसल्या.

परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. कक्षाला लागून असलेल्या औषधांच्या खोलीला काचेची खिडकी होती. तिथं खुर्च्या मांडल्या. आजवर राऊंडला न आलेले अधीक्षक, कुणीतरी येत नाही हे बघायला मात्र स्वतः आले.

शिंपीण खाटेवर बसून पडद्याचं कापड दुमडत होती. थोरल्या सिस्टर तिच्याजवळ गेल्या. काय बोलायचं ते पाठ होतं.

"येते गं," त्या म्हणाल्या.

शिंपिणीचा हात थांबला. तिनं वर बघितलं. त्यांचं तोंड निरखलं. मग म्हणाली, "या," आणि मान खाली घातली.

थोरल्या सिस्टर दाराबाहेर पडल्या. आज वळून आत यायचं नव्हतं. व्हरांड्यात मेट्रनबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि उठू नये म्हणून समोर स्वतः बसल्या.

काचेतून दिसत होतं ते असं. शिंपीण शिवत होती. टाका घालत होती, हात लांब करून ओढत होती, पुन्हा टाका घालत होती. दाराकडे तिनं एकदाही बघितलं नाही. चहा आला, कुणीतरी भांडलं, हेडमास्तरांनी सगळ्यांच्या चपला दोनदा सरळ केल्या. शिंपीण शिवत राहिली. शेवटी अधीक्षकांनाच कंटाळा आला. ते आत गेले.

"काय गं, सिस्टर 'येते' म्हणाल्या होत्या ना? वाट नाही बघितलीस?"

"छे हो, साहेब," शिंपीण हसून म्हणाली. "ते म्हणायचं असतं."

काय तो आनंद झाला! गोड सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, हेडमास्तरांनी वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्याचा निर्वाळा दिला, आणि अधीक्षकांनी तिथल्या तिथं प्रमाणपत्रावर लिहवून घेतलं: 'रुग्ण कोणाचीही वाट पाहत नाही. पूर्ण बरी.'

सगळे पांगल्यावर थोरल्या सिस्टर आत आल्या. खाटेच्या कडेला टेकल्या.

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही."

"खरं सांग."

शिंपिणीनं मांडीवरचं कापड त्यांच्यापुढे केलं. कापडाला इकडून तिकडे सुईची भोकं पडली होती, पण शिवण कुठंच नव्हती. एवढा वेळ सुईत दोराच नव्हता.

"दोरा ओवता येईना," ती म्हणाली. "पण काचेतून काय दिसणार? दाराकडे बघितलं असतं तर पाठवलं नसतं ना मला?"

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही 'येते' म्हणालात आणि परत फिरला नाहीत. तेव्हाच म्हटलं, हे यांचं बोलणं नाही, कुणीतरी घालून दिलंय. तरी वाट बघितलीच हो मी. आतल्या आत बघितली, बाहेर दिसू दिली नाही." आणि मग तिनं विचारलं, "बाहेरची माणसं असंच करतात ना, सिस्टर?"

थोरल्या सिस्टरांनी ते कापड स्वतःच्या हातात घेतलं. "हो गं," त्या म्हणाल्या. "सगळी असंच करतात."

"मग झाले मी बरी."

भावानं सोमवारी सकाळी येतो म्हणून सांगितलं होतं. शिंपिणीनं भल्या पहाटे अंघोळ उरकली, ठेवणीतली साडी नेसली आणि पिशवी घेऊन फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसली. थोरल्या सिस्टरांची त्या दिवशी रजा होती, तरी त्या येऊन तिच्या शेजारी बसल्या. सकाळ गेली. ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलं. शिंपीण चेहरा अगदी कोरा ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होती, फाटकाकडे नाही.

"वाट बघतेयस?" थोरल्या सिस्टरांनी हळूच विचारलं.

"छे. मी बरी आहे," ती म्हणाली आणि पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

थोरल्या सिस्टरांनी शेवटी भावाला फोन लावला. "दादा, निघालात ना?"

"हो हो, येतो ना!"

"दादा, येतो म्हणजे कोणतं येतो?"

"अहो सिस्टर, येतो म्हणजे येतो! आवरलेलंच आहे माझं. जरा एक गोष्ट वाचायला घेतली होती, हातातली तेवढी संपली की निघालोच."

भाऊ माणूस वाईट नाही. बहिणीचा विषय निघाला की त्याचा आवाज जड होतो, साबण आणि औषधं तो न चुकता पाठवतो. चार घटका करमणूक म्हणून तो असं काहीतरी वाचतो, आणि त्यात अधीक्षकांची, मेट्रनबाईंची, गोड सिस्टरची उडवलेली टर त्याला फार आवडते. पेंटरच्या पाटीला तो मोठ्यानं हसला. बिनदोऱ्याच्या सुईपाशी त्याला जरा गलबलून आलं. काय एकेक माणसं असतात, असं मनाशी म्हणून त्यानं उशी पाठीशी नीट केली आणि पुढे वाचायला घेतलं.

थोरल्या सिस्टरांनी फोन ठेवलेला नाही. त्या कानाला लावून बसल्या आहेत. शेजारी शिंपीण भिंतीकडे बघते आहे.

"झालं का वाचून, दादा?"